भिंगारी खणखणाट

भिंगारमध्ये राहून इंडस्ट्रियल रॉकचा नाद करायचा म्हणजे इतिहासच आडवा येतो. संगीताची तिरडी घेऊन निघालेल्या गवयांना ‘चांगलं खोल पुरा’ म्हणणारा औरंगजेब १७०७ साली इथेच, भिंगारच्या छावणीत वारला. तिरडीच्या गोष्टीवर इतिहासकार शंका घेतात. मी घेत नाही. संगीत अंडरग्राउंड व्हावं म्हणून आग्रह धरणारा दुसरा बादशहा कुठून आणू?

माझं हे खूळ हॉस्टेलातलं. ‘नाइन इंच नेल्स’ या बँडचा १९८९चा ‘प्रिटी हेट मशीन’ हा अल्बम कुणीतरी कॅसेटवर भरून आणला होता. ड्रम मशीन न दमता घाव घालत होतं, गिटार किरकिरत होती आणि गाणाऱ्याला आपली मर्जी राखायची अजिबात हौस दिसत नव्हती. मला तेच आवडलं. भावगीतात कुठे गलबलायचं ते ठरलेलं असतं. इथे ती सक्ती नाही. पुढे शोध घेतला तर मूळ आणखीच खरबरीत निघालं. ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या बँडनं १९७६ साली ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ नावाची कंपनीच काढली. बर्लिनचे ‘आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’वाले भंगारातला पत्रा बडवायचे. त्यांच्यातले काही जण १९८४च्या जानेवारीत लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत काँक्रीट मिक्सर आणि ड्रिल घेऊन रंगमंचावर चढले. मंचच पोखरायला लागल्यावर कार्यक्रम बंद पाडावा लागला.

म्हटलं, भंगाराला भिंगारात काय तोटा!

फॅब्रिकेशनच्या एका दुकानात मोबाइल घेऊन गेलो. मिस्त्री ग्राइंडरनं अँगल कापत होते. ठिणग्या, कर्कश किंकाळी, मागे हातोड्याचा ठेका. अंगावर काटा आला. मी जवळ जाताच त्यांनी अदबीनं मशीन बंद केलं.

“बोला भाऊ.”

“तुम्ही चालू ठेवा ना.”

“नाही नाही, आधी गिऱ्हाईक.”

मी लांब सरकलो की मशीन सुरू, पुढे आलो की बंद. आवाज हवाय, हे सांगायची हिंमत होईना. शेवटी खिडकीच्या ग्रिलची ऑर्डर दिली. आमच्या खिडकीला ग्रिल होतं.

ग्रिलचं काम चाललं तेवढ्या वेळात हवं ते सगळं रेकॉर्ड झालं. घरी कॉम्प्युटरवर त्याची आवर्तनं लावली, गच्चीवर पत्र्याचं बॅरल आडवं घातलं, स्पीकर जोडला आणि लोखंडी पाइपानं साथ धरली. मी चांगलाच तल्लीन झालो होतो. समोरच्या काकू गॅलरीत आल्या.

“वर मजला चढवताय का? कॅन्टोन्मेंटची परवानगी घेतली?”

“काकू, हे संगीत आहे.”

“ते असू दे. परवानगी?”

पाठोपाठ एक अनोळखी गृहस्थ थेट जिना चढून आले. बराच वेळ मान डोलावत उभे राहिले. मला भरून आलं. थांबलो, तसं त्यांनी विचारलं, “शटरचं कसं फूट घेता?”

बायकोनं खालूनच त्यांना मिस्त्रींचा नंबर दिला.

संध्याकाळी मिस्त्री ग्रिल घेऊन आले. आधीचं ग्रिल पाहून काही बोलले नाहीत. हा माणूस सभ्य. शरमेपोटी मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि रचना पहिल्यापासून ऐकवली. त्यांनी डोळे मिटले. मध्येच बोट वर करून तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. असा श्रोता मला आजवर लाभला नव्हता.

“इथं बघा,” ते म्हणाले, “डिस्क झिजलीय. पोऱ्याला सांगितलं होतं बदल म्हणून.”

आणि उरलेल्या पैशांसाठी हात पुढे केला.