दोनशे फुटांतले शेजारी

शेजार किती लांब असतो, हे न्यू जर्सीच्या कायद्याने एकदाचं ठरवून टाकलं आहे: 200 फूट. घराला जोडून खोली काढायची असेल आणि ती बाजूच्या हद्दीकडे नियमापेक्षा थोडी जास्त सरकत असेल, तर झोनिंग बोर्डाकडे व्हेरियन्स मागावा लागतो. मग सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी आपल्या हद्दीपासून चहूकडे 200 फुटांतल्या प्रत्येक मालकाला कळवायचं, हातोहात किंवा सर्टिफाइड मेलने. त्याच्या पलीकडचा एखादा रोज सकाळी हात हलवून विचारपूस करीत असेना का, कायद्याच्या लेखी तो परगावचा.

आईच्या गुडघ्यांनी जिन्याशी अबोला धरला, म्हणून तळमजल्यावर खोली काढायची ठरली आणि टाउनशिपच्या कचेरीतून शेजाऱ्यांची यादी मागवली. फी नावामागे 25 सेंट किंवा एकूण 10 डॉलर, यांतलं जे जास्त असेल ते. म्हणजे 40 शेजाऱ्यांपर्यंत ठोक भाव. यादी आली आणि आम्ही ज्यांना ‘लाल गॅरेजवाले’, ‘कुत्रीवाल्या बाई’ म्हणत आलो होतो, त्या सगळ्यांना एकदम आडनावं फुटली. शेजाऱ्यांत वीज कंपनीही निघाली. रस्ता काउंटीचा, म्हणून काउंटीच्या नियोजन मंडळालाही पत्र. राज्याचा महामार्ग लागून असता, तर आईची खोली राज्याच्या वाहतूक आयुक्तांच्याही कानावर घालावी लागली असती!

आजोबांच्या खरेदीखतातली चतुःसीमा आठवली. पूर्वेस अमक्याची विहीर, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस भाऊबंदांचं शेत, उत्तरेस गाडीवाट. मोजणी लागली की लगतधारकांना नोटीस निघते, तशी गावाकडे तेव्हाही निघे. पण कागद पोचण्याआधी बातमी पोचलेली असे, आणि मोजणीदाराची साखळी बांधावर पडायच्या आत दोन्हीकडचे आवाज चढलेले असत. तिथे भांडायलाही ओळख पुरेशी होती. इथे इतकी वर्षं एका रस्त्यावर राहून आम्ही शेजाऱ्यांना पहिलं पत्र लिहिलं, आणि त्यात काय, तर ब्लॉक नंबर, लॉट नंबर, सुनावणीची तारीख, वेळ, आणि नकाशे कुठे पाहायला मिळतील ते. कसे आहात, एवढं लिहायलासुद्धा जागा नाही.

शिवाय हे पत्र जातं मालकाला, राहणाऱ्याला नव्हे. शेजारच्या घराचे मालक फ्लोरिडात. तिथे आमची भिंत रीतसर रवाना झाली. जिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ती उभी राहणार, त्या भाडेकरू बाईंना कळवण्याची मात्र कायद्याला गरज वाटत नाही. आईला हे काही केल्या पटेना. “जिचा उजेड अडणार तिलाच सांगायचं नाही होय?” म्हणत ती स्वतः कुंपणापाशी गेली. आईचं इंग्रजी जेमतेम, बाईंची भाषा स्पॅनिश. दोघींनी हातवाऱ्यांनी भिंत रचली, तिची उंची ठरवली, बाईंनी ती हाताने थोडी खाली दाबली, आईने मान डोलावली. मग बाईंनी वाफ्यातल्या चार मिरच्या तोडून दिल्या आणि सभा बरखास्त झाली. हेच सगळं बोर्डापुढे शपथेवर मांडायला आमच्या आर्किटेक्टला पुढे बराच वेळ लागला, आणि मिरच्याही मिळाल्या नाहीत.

सुनावणीत अध्यक्षांनी विचारलं, नागरिकांपैकी कुणाला बोलायचंय का? मागच्या रांगेतून लाल गॅरेजवाले आजोबा उठले. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी हात वर करून शपथ घेतली, चष्मा बदलला, खिशातून घडी घातलेलं आमचं पत्र काढलं आणि ते सावकाश सपाट केलं. म्हणाले, पोस्टमनने सही मागितली तेव्हा मला वाटलं करखात्याचं आहे. रात्रभर झोप नाही. सकाळी धीर करून फोडलं, तर शेजारच्या म्हातारीची खोली! एवढ्यासाठी दार वाजवलं असतं तरी चाललं असतं.

सेक्रेटरीबाईंची पेन्सिल अधांतरी थांबली. “तुमचं म्हणणं अर्जाच्या बाजूने लिहू की विरोधात?”

आजोबांनी जरा विचार केला. “खोलीच्या बाजूने,” ते म्हणाले, “आणि पत्राच्या विरोधात.”