कोटासाठी महाबळेश्वर

एप्रिल उजाडला की पुरवण्यांमधून फतवे निघतात. लिनन घाला, फिके रंग घाला, सैल घाला. लिहिणाऱ्याने सकाळची लोकल पाहिलेली नसावी. आमच्या कचेरीतल्या एका पोराने हे मनावर घेऊन पांढरटशी लिननची पँट शिवली. डोंबिवलीला चढला तेव्हा ती पँट होती. दादरला उतरला तेव्हा तिची पुरचुंडी झाली होती आणि मांडीवर कुणाच्या तरी डब्यातल्या रश्शाचा नकाशा उमटला होता.

मी सुती साडीवाली. रविवारी खळ घालून कडक केलेली साडी सकाळी निऱ्या काढताना कागदासारखी वाजते. ठाण्यापर्यंत ती गप्प होते, घाटकोपरला अंगाला चिकटते. तेही चालतं. घाम आपलाच असतो.

हाल सुरू होतात ते लिफ्टचं दार उघडल्यावर. आत एसी १८ वर. रिमोट साहेबांच्या केबिनमध्ये, आणि साहेब कोटात. त्यामुळे भर मे महिन्यात आम्हा बायकांच्या खुर्च्यांच्या पाठींवर शाली. माझी शाल बाबांच्या सत्कारातली. नारळाची चटणी त्याच आठवड्यात झाली होती, शाल मात्र वीस वर्षं डांबरगोळ्यांच्या सोबतीने पडून होती. सत्काराची शाल कुणी वापरताना मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

२०१५ साली नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की कचेऱ्यांमधल्या गारव्याचं गणित साठच्या दशकातलं आहे आणि ते चाळिशीतल्या, सत्तर किलोच्या पुरुषाच्या अंगातल्या उष्णतेवर बेतलेलं आहे. आमच्या साहेबांनी चाळिशी आणि सत्तर किलो, दोन्ही स्टेशनं कधीच मागे टाकली. वर कोट!

बरं, हा कोट ज्यांनी आणला त्यांना उन्हाळा कळत होता. मे आणि कोट एकत्र नांदत नाहीत हे ओळखून मुंबईचा गव्हर्नर लवाजम्यासकट महाबळेश्वर गाठायचा. आपण कोट ठेवून घेतला, महाबळेश्वर सुटलं. म्हणून आता ते केबिनकेबिनमध्ये विजेवर चालवतो. वकिलांना निदान नियमाने सूट आहे. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळा कोट सक्तीचा नाही. हायकोर्ट-सुप्रीम कोर्टात मात्र हवाच. आमच्या साहेबांनी बहुधा स्वतःला सुप्रीम कोर्टात धरलंय.

जपानने २००५ मध्ये सरळ उलटा हिशेब मांडला. एसी २८ वर ठेवा, टाय-कोट घरी ठेवा. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय काढून मोकळे झाले. एरवी झुकून नमस्कार करताना कोन मोजणारे लोक, पण गळा उघडा टाकल्याने देश बुडाला नाही. आपल्याकडे शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं. जीन्स-टीशर्ट बंद, शुक्रवारी खादी. पुढे काही महिन्यांत जीन्सला माफी मिळाली. गंमत अशी, की या हवेत खरोखर घालावं असं त्यात एकच कापड होतं, आणि तेही शिस्तीच्या कलमात, आठवड्यातून एकदा, औषधासारखं.

२०२० पासूनच स्टार लेबलचा नवा घरगुती एसी सुरू केला की २४ वर सुरू होतो, तसा नियमच आहे. साहेबांच्या केबिनमधला तसाच नवा आहे. १८ वर आणायला बटण सहा वेळा दाबावं लागतं. साहेब दाबतात. टिक, टिक, टिक.

गेल्या मंगळवारी मुख्य एसी आणि केबिनचा एसी, दोन्ही बसले. अकराला साहेबांचा कोट खुर्चीवर गेला, बाराला टाय खणात. तीन वाजता बाह्या कोपरापर्यंत दुमडून, फाइलने वारा घेत ते बाहेर आमच्यात येऊन बसले. कुणीतरी कोकम सरबत आणलं. दोन महिने अडलेलं बिल त्या दुपारी त्यांनी उभ्या उभ्या पास केलं. जाताना मला विचारलं, "अहो, ही साडी गरम नाही होत? आमच्या हिच्यासाठी बघतो."

बुधवारी मेकॅनिक येऊन गेला. गुरुवारी सकाळी केबिनचं दार लागलं आणि आतून टिक-टिक ऐकू आली. मी मोजल्या. सहा.