संगणकाला हात न लावता संगणक शिकवण्याची रीत

माध्यमिक शाळेत संगणक कक्ष मंजूर झाला, की संगणक येण्याआधी कुलूप आणावे. संगणक बिघडण्याची कारणे पुष्कळ आहेत. वीज, उंदीर, कौलांतून गळणारे पाणी. पण हातात छडी घेऊन थोपवता येईल असे कारण एकच, ते म्हणजे विद्यार्थी. किल्ली मुख्याध्यापकांकडे असावी आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला असावेत.

कुलपाबद्दल कोणी कुरकुर केलीच, तर दिल्लीतल्या कालकाजीचा दाखला द्यावा. १९९९ साली तिथे संशोधक सुगत मित्रा यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक संगणक बसवला आणि खुशाल सोडून दिला. ना हजेरी, ना घंटा, ना ‘हाताची घडी तोंडावर बोट’. तरी पोरे एकमेकांचे पाहून पाहून इंटरनेट चाळू लागली. या प्रयोगाचे जगभर कौतुक झाले, पण शिक्षकाने बसायचे कुठे, हे कोणी विचारले नाही. तेव्हा शाळेच्या भिंती दरवर्षी पावसाळ्याआधी तपासून घ्याव्यात.

तास आठवड्याला एक, पस्तीस मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटे चपला बाहेर ओळीने लावण्यात जातात, ती जाऊ द्यावीत. शिस्तही शिक्षणच आहे. मग बटण दाबावे आणि पडदा उजळेपर्यंत संगणकाच्या पिढ्या सांगाव्यात. १९४६ च्या एनियाकमध्ये अठरा हजारांच्या आसपास निर्वात नळ्या होत्या आणि वजन तीस टनांच्या घरात होते, हे ऐकल्यावर समोरच्या डब्याचा संथपणा मुलांना फारसा टोचत नाही. बहुधा तिसऱ्या पिढीपाशी वीज जाते. त्यामुळे चौथ्या पिढीविषयी आपल्याकडे थोडे अज्ञान आहे.

वर्गात साठ मुले आणि चालू संगणक दहा, म्हणजे एका यंत्रामागे सहा जण. (दहाही चालू असलेली शाळा कोणाला आढळल्यास तिथे सहल न्यावी.) एकाने खुर्चीत बसावे, दुसऱ्याने माऊस धरावा, तिसऱ्याने एंटर दाबावे, चौथ्याने ‘सर, हा मला देतच नाही’ म्हणावे. उरलेल्या दोघांनी पडद्यात भांग पाहावा. पेंट उघडलेच, तर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, एवढेच काढू द्यावे. डोंगर तीन झाले की मुले स्वतःच्या मनाने मेनू उघडू लागतात.

खरे शिक्षण प्रयोगवहीत होते. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिल आणि पट्टीने कीबोर्ड काढून घ्यावा, एकही कळ न वगळता. माऊसच्या भागांना नावे द्यायला लावावीत. फ्लॉपीत किती मावते (उत्तर १.४४ एमबी), हा प्रश्न अजिबात गाळू नये. वर्गात फ्लॉपी कोणीच पाहिलेली नसल्याने गरीब-श्रीमंत, शहरी-ग्रामीण हा भेद तिथे आपोआप मिटतो. प्रश्नपत्रिका मात्र शाळेत जपून ठेवलेल्या जुन्या फॉन्टातच टाइप करावी. युनिकोडमध्ये केलेली कुठेही उघडते आणि वाचता येते, म्हणजे फुटण्याची भीती. जुन्या फॉन्टातली दुसऱ्या संगणकावर उघडली, की सगळी उलटीसुलटी इंग्रजी अक्षरे, आणि गोपनीयता अबाधित.

आता शिकवणार कोण? मध्यंतरी सरकारी योजनेत ठेकेदार संगणक आणी, शिकवायला निदेशकही तोच नेमी. पाच वर्षांनी करार संपला की जुने झालेले संगणक शाळेला मिळत आणि नुकता हात बसलेला निदेशक घरी जाई. उलटे केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. अशा वेळी चित्रकलेचे किंवा पी.टी.चे सर पाहावेत. त्यांच्याकडे वेतनवाढ अडू नये म्हणून काढलेले एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र असते. खंडेनवमीला सीपीयूला झेंडूचा हार घालून वर कुंकवाचे स्वस्तिक त्यांच्याच हस्ते काढून घ्यावे, म्हणजे यंत्राची भीड चेपते.

एक आणीबाणी मात्र वर्षातून दोनदा तरी येते. विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायची, आजचीच शेवटची तारीख, सर्व्हर बसलेला, आणि प्रमाणपत्रवाले सर लग्नाला गेलेले. घाबरू नये. नववी ब मध्ये शेवटच्या बाकावर एक मुलगा असतो, ज्याचा मोबाइल जूनपासून आपल्याच कपाटात जप्त आहे. त्याला बोलवावे, मोबाइल परत द्यावा आणि आपण चहा सांगावा. चहा येईपर्यंत तो हॉटस्पॉट जोडतो, फोटो हव्या त्या केबीत बसवतो, पीडीएफ करतो आणि ‘सर, तुमचा पासवर्ड जन्मतारीख ठेवू नका’ असेही सांगतो. पोच हाती पडताच मोबाइल पुन्हा कपाटात ठेवावा. वर्षअखेर त्याच्या वहीत कीबोर्डची आकृती अपुरी आढळेल. त्याला ‘क’ श्रेणी द्यावी.