जावईबापू, अवलंबित

आमचे जावई शारजाला राहतात ते आमच्या मुलीच्या जिवावर. हे मी म्हणत नाही, तिथलं सरकार म्हणतं. त्यांच्या निवासी परवान्यावर प्रायोजक म्हणून मुलीचं नाव आहे आणि अवलंबित म्हणून जावईबापूंचं. पाथर्डी तालुक्यातल्या एका घरात ही बातमी पोचली तेव्हा व्याह्यांचा फोन आला, "पाव्हणं, पोरगं नगरच्या एमआयडीसीत आठ वर्षं कमावत व्हतं. आता त्यो सुनंच्या कमाईवर कसा काय?"

मी त्यांना नियम समजावून सांगितला. मुलगी गणिताची शिक्षिका, नोकरी तिला लागली, म्हणून घरच्यांना तिनेच न्यायचं. अमिरातीत पूर्वी बाईला नवरा आणि मुलं आणायची तर ती शिक्षिका, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर असावी लागे. 2019 साली हुद्द्याची अट गेली आणि पगाराची आली. महिना 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहायला जागा, एवढं असलं की नवरा आणता येतो. व्याही जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे नवऱ्याचा भाव चार हजार." 2023 च्या अधिकमासात याच जावयाला आम्ही चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे वाढून धोंड्याचं वाण दिलं होतं, त्यामुळे भाव माझ्या लेखी बराच वर होता. पण तो व्याह्यांना फोनवर कसा सांगणार?

मला स्वतःला या नियमांचं फारसं नवल वाटलं नाही. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, आणि आमची हीसुद्धा. लग्न झालं तेव्हा माझी शाळा अकोले तालुक्यात डोंगराच्या कुशीत आणि हिची जामखेडला. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वात मोठा जिल्हा आमचा, चौदा तालुक्यांचा, आणि त्याच्या दोन टोकांना आम्ही दोघं. नवरा-बायकोने एकत्र राहायचं तर त्यासाठी अर्ज लागतो, पुरावा लागतो आणि वाट बघावी लागते, हे ज्ञान मला दिरहम हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी झालेलं. आता तर शिक्षकांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा रीतसर संवर्गच आहे, आणि त्यात दोघांच्या शाळांमधलं 30 किलोमीटरचं अंतर मोजतात. पोरं उगाच म्हणतात की परदेशचे कायदे कडक. अमिरातीने निदान एकाच घरात राहू दिलं, 29 किलोमीटरवर समाधान मानायला लावलं नाही.

खरी करमणूक झाली ती लग्न झालंय हे सिद्ध करताना. लग्नाला दीड हजार माणूस जेवलं होतं, पण नोंदणी करायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. 1998 च्या कायद्याप्रमाणे अर्ज भरायचा, तीन साक्षीदार उभे करायचे आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही आणायची. साक्षीदार पैशाला पासरी. भटजी मात्र आता पुण्यात वास्तुशांती करतात. त्यांना फोन लावला, तारीख सांगितली, तर म्हणाले, "गुरुजी, त्या दिवशी दाट तीथ होती. पाच लग्नं लावली मी. तुमचं कोणतं? पावसात मांडव पडला ते, का नवरदेवाचा घोडा बुजला ते?" आमच्याकडे दोन्ही झालं नव्हतं. शेवटी, "जेवणात मासवडी होती," असं सांगितल्यावर त्यांना लख्ख आठवलं आणि त्यांनी सही दिली.

मग फोटोचा प्रश्न. लग्नविधीचा एक फोटो जोडा म्हणाले. आमच्या जिल्ह्यातला लग्नाचा अल्बम ज्याने पाहिलाय त्याला अडचण कळेल. दर तिसऱ्या पानावर वधूवरांच्या पुढ्यात कोणीतरी पुढारी माईक घेऊन आशीर्वाद देतायत. एका फोटोत माजी सभापती, एका फोटोत भावी सभापती, आणि त्यांच्या फेट्यांच्या मधून जावईबापूंचा एक कान. अक्षता पडतानाच्या फोटोत मामा लोकांनी अंतरपाट असा काही धरलाय की पलीकडे कोण उभं आहे हे देवच जाणे. अख्खा अल्बम चाळून झाल्यावर सप्तपदीचा एक फोटो सापडला, त्यात दोघांचेही चेहरे होते. फोटोग्राफरने तो बहुधा चुकून काढला असावा.

प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे संपलं असं नाही. त्यावर आधी मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. भारत 2005 पासून हेगच्या करारात आहे, त्यामुळे ओमानसारख्या सदस्य देशात जायचं तर एका अपोस्टिलवर भागतं. अमिरात त्या करारात नाही. ही म्हणाली, "एवढे शिक्के तर माझ्या सर्व्हिस बुकावर पण नाहीत."

मुलीच्या बी.एड.च्या पदवीचीही तीच वरात. पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. ज्यांचं नाव तिच्यावर छापलंय त्या सावित्रीबाई शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला पुण्याहून आमच्या नगरला आल्या होत्या, अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे. सिंथिया फरार 1827 साली मुंबईला उतरल्या, 1839 पासून नगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि 1862 साली इथेच वारल्या. लग्न केलं नाही, म्हणजे फाईलला जोडायला अवलंबित कोणी नाही. अशी सुटसुटीत केस कोणत्याही कारकुनाला आवडेल. त्यांच्या आधीच्यांचं काही खरं नव्हतं. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे त्याच मिशनचे दोघे मुंबईत उतरले, तर कंपनी सरकारने त्यांना आल्या पावली परत जायला सांगितलं. त्यांनी गव्हर्नर नेपियन साहेबांना अर्जावर अर्ज लिहिले आणि कसेबसे टिकले. मास्तर परदेशातून इकडे येवो की इकडून तिकडे जावो, अर्ज लिहिण्यात हात साफ हवा.

जावयांच्या मागोमाग नातवाचं झालं. मुलगा असेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत आणि मुलगी असेल तर लग्न होईपर्यंत ठेवता येतं, त्यामुळे नातू सहज गेला. त्याच्या जन्मदाखल्यावर जिल्हा अहिल्यानगर, त्याच्या आईच्या पासपोर्टवर जन्मस्थळ अहमदनगर. 2024 साली नाव बदललं, गाव जागेवरच आहे, हे तिकडच्या बाईंना समजावताना मुलीचा अर्धा दिवस गेला म्हणे.

आता मुलीच्या डोक्यात आम्हा दोघांना न्यायचं आलंय. पासपोर्ट काढले. माझा जन्म 1 जून, हिचा 1 जून, आणि आमच्या व्याह्यांचा व विहीणबाईंचाही 1 जून. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची जन्मतारीख घरच्यांना माहीत नसली की गुरुजी काय करायचे, हे या महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. तिकडचा एखादा अधिकारी मात्र समजेल की आमच्याकडे पोरं शाळा उघडायच्या मुहूर्तावरच जन्माला येतात. विहीणबाई चौथी शिकलेल्या, पण त्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी इमिग्रेशनची परवानगी घेण्याची अट पडली नाही. ती अट दहावी नापासांना असते, आणि पन्नाशी उलटली की सुटते. पन्नास वर्षं संसार केला की सरकार माणसाला मॅट्रिक पास धरतं. मला हे धोरण पटलं.

पण आईवडिलांचं प्रकरण नवऱ्याइतकं स्वस्त नाही. पगार बराच जास्त लागतो, विमा लागतो, आणि परवाना एकेक वर्षाचा. शिवाय या दोघांना मायदेशी सांभाळणारं दुसरं कोणी नाही, असं लिहून द्यावं लागतं.

हे शेवटचं कलम मुलीने व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं तेव्हा धाकटा मुलगा शेजारीच बसून माझ्या चष्म्याची काडी बसवत होता. सूनबाई आत हिच्या गुडघ्याला तेल चोळत होती. पोराने काडी बसवली, चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, खुशाल लिहून द्या. पण कुठं लिहायचं ते दिसतंय का आता नीट?"

नुसतं विचारून बघू म्हणून राहुरीला ओळखीच्या वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, प्रतिज्ञापत्राला ओळखीचे दोन साक्षीदार आणा. मी गल्लीत कोणालाच काही बोललो नव्हतो, पण ही बोलली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चुलतभाऊ उभा, त्याची दोन्ही पोरं, समोरचे रिटायर्ड तलाठी, डेअरीवाला, आणि माझा एक जुना विद्यार्थी जीप घेऊन. तुम्हाला बघणारं कोणी नाही हे सांगायला चला म्हणाले, गाडीत जागा आहे.