दाढ कुणाची वाचते?

जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. वह्या-पुस्तकांचे गठ्ठे उतरवणारा ओळखीचा एक हमाल परवा गालाला रुमाल लावून उभा होता. आठवडाभर दाढेत लवंग धरून त्याने काम रेटलं होतं. "काढूनच टाकली दादा. दहा मिनिटांत मोकळा झालो." वय असेल पस्तीस. गेली ती खालची पहिली मोठी दाढ. सहाव्या वर्षी उगवते आणि घास चावायचा मोठा भार जन्मभर वाहते.

ती वाचली असती. नस मेली, मुळाशी पू झाला, तरी बहुतेक वेळा रूट कॅनल करून दाढ वाचवता येते. काम मात्र नाजूक. रबर डॅमचा पातळ पडदा लावून दाढ लाळेपासून वेगळी करायची, बारीक फाइलींनी मुळांतल्या तीन-चार नळ्या साफ करायच्या, हायपोक्लोराइटने धुवायच्या, गटापर्चाने भरायच्या. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी नळी तर इतकी लपलेली असते की मायक्रोस्कोपशिवाय अनेकदा हाती लागत नाही, आणि ती राहिली तर दाढ पुन्हा ठणकू शकते. म्हणून तर यातला तज्ज्ञ, म्हणजे एन्डोडॉन्टिस्ट, व्हायला बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयात एमडीएस करावं लागतं.

सरकारी दवाखान्यात मागे रांग लागलेली असताना एका दाढेसाठी तासभर खुर्ची अडवणं डॉक्टरांना जड जातं. पेशंटलाही दोन-तीन फेऱ्या म्हणजे दोन-तीन खाडे. खासगीत तज्ज्ञ मिळतो, पण वर बसवायच्या कॅपचे पैसे वेगळे आणि मेडिक्लेम सहसा दाताचा खर्च देत नाही. काही दवाखान्यांत तज्ज्ञ ठरावीक वारी बाहेरून येतो. यात गैर काही नाही, फक्त आपल्या दाढेला हात कोण लावणार, हे पेशंटला आधी सांगा.

धनकवडीच्या भारती विद्यापीठाच्या किंवा कॅम्पातल्या रंगूनवाला दंत महाविद्यालयात एमडीएस करणारे विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली रूट कॅनल करतात, तेही खासगीपेक्षा बऱ्याच कमी पैशात. बुधवार पेठेतल्या किती हमालांना, तुळशीबागेतल्या किती विक्रेत्यांना हे कुणी सांगितलंय? आणि ही दोन्ही खासगी संस्थांची महाविद्यालयं. मुंबईत १९३३ साली सुरू झालेलं नायर दंत महाविद्यालय महापालिका चालवते. राज्य सरकारचं दंत महाविद्यालय मुंबईत आहे, नागपुरात आहे, छत्रपती संभाजीनगरातही आहे. पुण्यात नाही.

सरकारी महाविद्यालयाचं पुढे बघू. आज पेठांसाठी पालिकेच्या एका दवाखान्यात एक एन्डोडॉन्टिस्ट बसवा, आणि दुकानं बंद झाल्यावर बसवा, म्हणजे कुणाचा खाडा होणार नाही.

चहा आला. हमालाने खारी बुडवून पार मऊ केली आणि उजव्या गालाकडे सरकवली. "वरचीपण ठणकतेय," म्हणाला. "हा सीझन उरकला की तीही काढीन."