निळ्या पिंपातला दुधी

बोईसरमध्ये झाडासाठी कुंडी विकत आणणारा माणूस गावात नवखा समजावा. तारापूर एमआयडीसीतले कारखाने काय बनवायचं ते बनवोत, आमच्या दृष्टीने त्यांचं खरं उत्पादन म्हणजे निळं प्लॅस्टिकचं पिंप. रिकामं झालं की ते भंगारवाल्याकडे येतं आणि मधोमध कापलं की दोन कुंड्या तयार. "यात आधी काय होतं?" असं विचारलं की तो न अडखळता सांगतो, "साबण." त्याच्या हिशेबाने तारापुरात साबणाशिवाय दुसरं काही बनतच नाही. म्हणून मी खाद्यतेलाचं, लेबल शाबूत असलेलं पिंपच घेतो. रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी भाजीला नको.

२०० लिटरचं पिंप अर्धं कापून ओल्या मातीने भरलं की वजन सहज शंभर किलोच्या वर जातं. सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीत येऊन आधी स्लॅबकडे आणि मग माझ्याकडे बघतात. यावर उपाय म्हणजे तळाशी नारळाची सोडणं. केळवे-माहीमच्या वाड्या जवळ असल्याने ती मुबलक. वर पालापाचोळा, शेणखत आणि माती. वजनही उतरतं, सेक्रेटरीही.

त्यात मी दुधी लावतो. वेल आधी नुसती नरफुलं काढतो. मादीफूल उशिरा येतं, आणि त्याच्या देठाशी अंगठ्याएवढा, लव असलेला दुधी आधीपासूनच हजर असतो. परागकण मिळाले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. ही पांढरी फुलं उमलतात संध्याकाळी, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर रात्रीची पाखरं फारशी फिरकत नाहीत. मग दिवेलागणीला नरफूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादीफुलाला अलगद टेकवायचं. मी म्हणजे दुध्यांचं वधू-वर सूचक मंडळच! आतून बायको म्हणते, "अहो, घरात बत्तीस वर्षांचा मुलगा आहे, जरा त्याचंही बघा."

पुण्याचे एक नातेवाईक दर फोनला विचारतात, "तुमच्याकडची भाजी अंधारात चमकते का हो?" तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, तेव्हापासूनचा हा विनोद आहे. चमकली असती तर वीज गेल्यावर आम्हाला मेणबत्ती शोधावी लागली नसती.

पहिला दुधी फोटोंसाठी चार दिवस जास्तच वेलावर राहिला. मोठ्या अभिमानाने तो स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशींना दाखवायला नेला. त्यांनी सालीला नख लावून बघितलं. नख आत गेलं नाही.

"निबर झालाय," त्या म्हणाल्या आणि आपल्या टोपलीतला कोवळा काढून माझ्या पिशवीत टाकला. पैसे घेतले.

टोमॅटोच्या नादी इथे पावसाळ्यात लागू नये. जूनपासून जो पाऊस कोसळतो, तो पिंपातलं खत धुऊन खालच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांना घालतो. मिरची आणि पुदिना उघडीप मिळाल्यावर लावावेत. पहिल्यांदाच पिंप आणणाऱ्याने मात्र सरळ अळू लावावं. त्याची लग्नं जुळवावी लागत नाहीत, एसीचं ठिबकणारं पाणीही त्याला चालतं आणि पालघरचा पाऊस त्याला कधी जास्त होत नाही. वड्या करायच्या असतील तर काळ्या देठाचं मागून घ्या.