तान्तचा अंदाज

कैरोतल्या मध्यमवर्गीय घरात तान्त पुष्कळ असतात. मावशी, आत्या, काकू, आईची मैत्रीण, समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण, सगळ्यांना हे फ्रेंच वळणाचं संबोधन सारखंच चालतं. पण जिचा बसबूसा साऱ्या गोतावळ्यात प्रमाण मानला जातो अशी तान्त एकच. तिला कुणी निवडून दिलेलं नसतं आणि पाडताही येत नाही. बसबूसा म्हणजे तरी काय? रवा, साखर, तूप आणि दही एकत्र करून ताटात पसरायचं, वड्या आखायच्या, प्रत्येक वडीवर एक बदाम दाबायचा, भाजायचं आणि वरून साखरेचा पाक ओतायचा. एवढ्याशा भांडवलावर एक बाई तीस-तीस वर्षं राज्य करते कशी, याचं घरातल्या सुनांनी शोधलेलं उत्तर ठरलेलं आहे: ती कृती लपवते. विचारलं की सगळं सांगते, पण एक जिन्नस गिळते. हा आरोप ऐकून तान्त रागावत नाही; उलट किंचित फुलते. माझं मत असं की सुना तिला उगाच मोठं करतात. लपवायला हातात काहीतरी असावं लागतं. तान्तकडे कृती नाहीच.

पुरावा तिच्या उलटतपासणीतच मिळतो. "तान्त, रवा किती?" "दोन ग्लास." "कोणता ग्लास?" "हाच की." 'हाच' म्हणजे चहाचा काचेचा ग्लास, मूळच्या अर्ध्या डझनातला एकटा उरलेला, काठावरची सोनेरी रेघ पुसून गेलेला. आता छापील कृतीतला कप 240 मिलिलिटरचा असतो आणि हा ग्लास त्याच्या कितीतरी खाली राहतो. सून घरी जाऊन आपल्या मापाच्या कपानं रवा घेते, आपल्या वाटीनं दही घेते, आपल्या डावानं तूप घेते, आणि ताटातून निघतो तो गिलावा. तान्त मात्र रवा, साखर, दही, तूप, इतकंच काय पाकाचं पाणीसुद्धा त्या एकाच ग्लासानं मोजते. ग्लास लहान असो की मोठा, प्रमाण बिघडत नाही. तिनं आकडा खरा सांगितला होता, ग्लासही दाखवला होता. ग्लास घरी घेऊन जा, असं मात्र ती म्हणणार नाही, आणि म्हणाली तरी उपयोग नाही, कारण पुढचा प्रश्न रव्याचा आहे. जाड रवा पाक सावकाश पितो आणि दाणेदार राहतो. बारीक रवा घाईनं पितो आणि त्याचा लगदा होतो. दुकानात सुटा मिळणारा रवा दर खेपेला त्याच जाडीचा असेल याची हमी खुद्द दुकानदार देत नाही. म्हणून तान्त पिशवीत हात घालते, चिमूटभर रवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फिरवते, आणि त्या चिमटीवर दह्याचा निर्णय होतो. "दही किती?" याला ती "घेईल तेवढं" म्हणते तेव्हा सुनेला ती टोलवाटोलवी वाटते. खरं तर प्रश्नाला त्याहून नेमकं उत्तर नाही.

मग ती तूप घालते, आणि इथे तिच्या हातांकडे बघावं. वितळलेलं तूप रव्यावर ओतून ती बोटांच्या टोकांनी दाणे नुसते चोळते. तळवा लागू देत नाही, मुठीत दाबत नाही. दाणान् दाणा तुपानं माखला की नंतर दह्याचं पाणी आत शिरायला वेळ घेतं आणि गव्हातला चिकटपणा जागा होत नाही. जास्त ढवळलं, की संपलं: बसबूसा ताणला जातो, त्याची भाकरी होते. दही घातल्यावर तान्त मिश्रणाला चार-दोन वेढे देते आणि चमचा असा टाकून देते की जणू तो चोरीचा माल आहे. कुणी मदत म्हणून पुन्हा ढवळायला गेलं तर त्या माणसाला वर्षभर स्वयंपाकघरात प्रवेश नाही. या शिस्तीमागचं रसायन तिला कुणी विचारलं तर ती सांगेल, "जास्त हात लावला तर त्याला राग येतो." शास्त्र म्हणून हे विधान कच्चं आहे; सूचना म्हणून बिनचूक.

भट्टीचा प्रकार तर आणखी मजेदार. छापील कृती 180 अंश म्हणते. इजिप्तमधल्या असंख्य घरांत उभ्या शेगडीच्या पोटातली गॅसभट्टी असते. तिला अंश ठाऊक नसतात, तिला ज्योत मोठी आणि ज्योत लहान एवढंच कळतं, आणि सिलिंडर संपत आला की तेही कळेनासं होतं. त्याआधीच्या पिढीत तर ताट डोक्यावर घेऊन गल्लीतल्या पावाच्या भट्टीवर पाठवायचे आणि भाजणं भट्टीवाल्याच्या मर्जीवर सोडायचे. तान्त या दोन्ही व्यवस्थांचं अपत्य आहे. कडा ताटापासून सुटल्या की ती खालची ज्योत बंद करते, वरची पेटवते आणि रंग येईपर्यंत दारासमोर खुर्ची टाकून बसते. फोन आला तर घेत नाही. नवऱ्याचा आला तर मुळीच नाही.

त्यानंतर पाक. रव्याच्या लाडवांच्या पाकानं ज्यांची झोप उडवली आहे त्या मराठी वाचकांना या टप्प्याचं गांभीर्य सांगायला नको. फरक इतकाच की इथे तारेची उठाठेव नसते. साखर-पाणी उकळलं, थोडा दाट पाक झाला, आणि साखर परत दाणे धरू नये म्हणून लिंबाचे चार थेंब पिळले, की झालं. भांडण आहे ते तापमानाचं. ताट गरम आणि पाक गार, की ताट गरम आणि पाक कोमट? यावर नणंदा-भावजयांत अबोला झालेला ऐकिवात आहे. तान्त या वादात पडत नाही. ती पळीभर पाक कोपऱ्यात सोडते आणि कान देते. चर्र झालं पाहिजे. झालं नाही तर पाक थांबतो, ताट परत भट्टीत जातं. ज्या गोष्टीसाठी प्रयोगशाळेत दोन तापमापक लागले असते ती गोष्ट ही बाई एका कानानं करते.

यावर सुनांचा पहिला आक्षेप असा, की ताहिनाचं काय? ताटाला तुपाऐवजी ताहिना, म्हणजे तिळाचा दाट लगदा, चोपडला की वड्या अलगद सुटतात आणि तळाला खमंग चव येते, ही गोष्ट तान्तनं बारा वर्षं सांगितली नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण कागदपत्रं तपासली तर दिसतं की तिला नेहमी "बसबूशात काय घालता?" असं विचारलं गेलं. ताहिना बसबूशात नसतो, ताटाला असतो. एखादा वकील यापेक्षा चांगला बचाव करू शकला नसता, आणि मला वाटतं तान्तनं तो करतेवेळी मनातल्या मनात मजाही घेतली असेल. तिला साध्वी ठरवण्याचा माझा हेतू नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कृती लिहिता येत नाही म्हणता, मग नझीरा निकोला यांनी काय केलं? 'अबला नझीरा', म्हणजे नझीराताई, या नावानं सारा इजिप्त ज्यांना ओळखतो त्या बाईंनी इंग्लंडमध्ये पाकशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि बहिया उस्मान यांच्याबरोबर 'उसूल अत-तही' हा जाडजूड ग्रंथ 1940 च्या दशकात सिद्ध केला. कित्येक नवऱ्या तो ग्रंथ घेऊन सासरी गेल्या. मापं आहेत, क्रम आहे, शिस्त आहे. मान्य. पण ज्या घरांत तो ग्रंथ आहे त्या घरांतली त्याची प्रत पाहावी. तुपाचे डाग आणि समासात पेन्सिलनं केलेल्या दुरुस्त्या: इथे साखर कमी, तिथे दही जास्त. ज्या पुस्तकाला प्रत्येक स्वयंपाकघर समासातून उत्तर देतं ते पुस्तक कृतीचं शेवटचं वचन कसं मानायचं? ती चर्चेची सुरुवात आहे, आणि अबला नझीरांसारख्या शिक्षिकेला ते कळत नसेल असं मला वाटत नाही.

"आमच्या पणजीपासून हा असाच होतो," हे तान्तचं आवडतं वाक्य मात्र मी मान्य करत नाही. तिच्या डब्यातली बेकिंग पावडर 19 व्या शतकातली, व्हॅनिलाची पुडी त्यानंतरची, आणि पणजीच्या घरी गॅस नव्हता. शिवाय अलेक्झांड्रियाला गेलं की याच वडीला लोक हरीसा म्हणतात आणि कैरोकरांना काही येत नाही असंही म्हणतात. कॉप्ट ख्रिस्ती तान्तची अडचण तर निराळीच. तिच्या पंथात वर्षातले दोनशेहून अधिक दिवस उपासाचे आणि उपासाला तूप, दूध, दही वर्ज्य. ती तेल आणि संत्र्याचा रस घालून 'सियामी' बसबूसा करते आणि तोही पणजीपासून असाच. तूप नाही, दही नाही, तरी घरातले बोट दाखवून सांगतात की हा खरा. कृतीतले दोन मुख्य जिन्नस काढून घेतले तरी जी गोष्ट शाबूत राहते तिला कृती म्हणायचं असेल तर म्हणा. मला ती चिमटी आणि कान यांचीच करामत दिसते. 2016 च्या ऑक्टोबरात दुकानांतून साखर गायब झाली तेव्हाही असल्या बाया अडल्या नाहीत. ताट लहान झालं, ग्लास तोच राहिला.

राहिला प्रश्न मिठाईच्या दुकानांचा. तलअत हर्ब रस्त्यावर किलोनं बसबूसा मिळतो, चांगला मिळतो, मलई भरलेला मिळतो, चॉकलेटाचाही मिळतो. दररोज तोच रवा, तीच भट्टी, तोच माणूस. तिथे कृती असू शकते आणि असतेच. तान्त दुकानाला नावं ठेवत नाही. पाहुण्यानं खोका आणला तर ती तो कौतुकानं उघडते, एक वडी खाते, "तस्लम ईदेक", तुझे हात सलामत राहोत, असं म्हणते. हे वाक्य वडी करणाऱ्याला म्हणायचं असतं. ती ते आणणाऱ्याला म्हणते. दुसरी वडी घेत नाही. सुनेनं केलेल्या ताटाशीही ती एवढ्याच सौजन्यानं वागते, आणि सून घरी जाऊन रडते. या बाबतीत माझी सहानुभूती सुनेकडे आहे. अंदाज हे ज्ञान असेल, पण ते असं वापरलं की हत्यार होतं, आणि तान्तला त्याची धार नेमकी ठाऊक असते.

अलीकडे या सत्तेला आखातातून आणि कॅनडातून अडचण यायला लागली आहे. भाची दुबईत किंवा टोरांटोत असते, ईदला व्हिडिओ कॉल लावून ताट फोनसमोर धरते. चिमटी फोनमधून जात नाही. पाकाचा चर्र आवाज गेला तर जातो, नाहीतर तान्त म्हणते पाक गार होता आणि भाची म्हणते नेट मंद होतं, आणि दोघींचं म्हणणं खरं असू शकतं. रवा तर भारतीय वाण्याकडून आणलेला, पुडक्यावर देवनागरीत 'जाड रवा' लिहिलेलं. तान्त ते अक्षर कॅमेऱ्याजवळ आणायला लावते, वाचता येत नाही म्हणून पुडकं फोडायला लावते, तळहातावर रवा पसरून हात हलवायला लावते, दिव्याखाली, मग खिडकीपाशी, आणि शेवटी निकाल देते: चालेल. "फक्त साखर मी सांगितली त्यापेक्षा थोडी कमी घाल." भाची फोन ठेवल्यावर वहीतली पानं मागेपुढे उलटते. साखर किती, ते तान्तनं सांगितलेलंच नसतं.